काकोरीची पेटी: एका गोळीचे दहा वाटेकरी

सहारनपूरहून लखनौकडे निघालेली आठ नंबरची डाउन पॅसेंजर. तारीख ९ ऑगस्ट १९२५, वेळ दिवेलागणीची. काकोरी स्टेशन मागे पडले आणि थोड्याच वेळात सेकंड क्लासच्या डब्यातून कुणीतरी साखळी ओढली. त्या डब्यात अशफाकउल्ला खान, राजेंद्रनाथ लाहिरी आणि शचींद्रनाथ बक्षी बसले होते. बाकीचे साथीदार इतर डब्यांत विखुरलेले: रामप्रसाद बिस्मिल, चंद्रशेखर आझाद, मन्मथनाथ गुप्त, केशव चक्रवर्ती, मुकुंदीलाल, बनवारीलाल, मुरारी शर्मा. सगळे मिळून दहा. गाडी थांबताच ते खाली उतरले. गार्डला जमिनीवर पालथे पडायला लावले. वाटेतल्या स्टेशनांची रोकड ज्या लोखंडी पेटीत जमा होत आली होती, ती पेटी गार्डच्या डब्यातून खाली ढकलली. काही जण गाडीच्या दोन्ही अंगांना मॉझर पिस्तुले घेऊन उभे राहिले. प्रवाशांना ओरडून सांगितले गेले की आत बसून राहा, आम्ही फक्त सरकारी पैसा न्यायला आलो आहोत. मधूनमधून गाडीला समांतर गोळ्या सोडल्या जात होत्या, कुणी बाहेर येऊ नये म्हणून.

पेटी मात्र फुटेना. घावावर घाव घालूनही भोक जेमतेम पडत होते. अशफाक सगळ्यांत दणकट. त्यांनी आपले मॉझर मन्मथनाथांच्या हातात दिले आणि हातोडा स्वतः उचलला. मन्मथनाथ तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांच्या हातून गोळी सुटली, आणि नेमके त्याच सुमारास डब्यातून खाली उतरलेले अहमद अली नावाचे प्रवासी त्या गोळीने मेले. पेटीतून निघालेली रक्कम साडेचार-पावणेपाच हजार रुपयांच्या घरातली.

फौजदारी कायद्याच्या वर्गात ‘मालमत्तेविरुद्धचे गुन्हे’ हे प्रकरण आले की मी काकोरीपासून सुरुवात करतो. उत्तर प्रदेश सरकारने २०२१ साली सरकारी वापरातून ‘कांड’ हा शब्द काढून ‘काकोरी ट्रेन अ‍ॅक्शन’ असे नाव घेतले, आणि ते मला मनापासून पटते. ही माणसे माझ्या लेखी देशासाठी मेलेली माणसे आहेत. पण त्यांना फासावर नेणारे जे कलम होते ते आजही, नंबर बदलून, आपल्या प्रत्येक सत्र न्यायालयात चालते. बिस्मिलांबद्दल आदर आहे म्हणून ते कलम न वाचता पुढे जावे, असे मला कधी वाटले नाही. उलट, ज्या शब्दांनी त्यांचा जीव घेतला ते शब्द एकेक करून वाचले पाहिजेत, असेच वाटत आले.

आधी चोरी, मगच सगळे

भारतीय दंड संहिता १८६० ची, १ जानेवारी १८६२ पासून ३० जून २०२४ पर्यंत लागू. तिच्या कलम ३९० ची सुरुवात अशी आहे की प्रत्येक जबरी चोरीत एक तर चोरी असते, नाही तर बलाद्ग्रहण असते. बलाद्ग्रहण हा सरकारी मराठीतला शब्द; पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रांत त्याला खंडणी म्हणतात. म्हणजे जबरी चोरी हा स्वतंत्रपणे उभा राहिलेला गुन्हा नाही. खाली चोरी किंवा खंडणी असते आणि तिच्यावर तत्काळ हिंसा किंवा तत्काळ भीती चढते, तेव्हा जबरी चोरी होते. जबरी चोरी करणारे पाच झाले की दरोडा. दरोडा घालताना त्या पाचांपैकी एकाने खून केला की कलम ३९६. पायऱ्या अशा एकावर एक आहेत. खालची पायरी निसटली तर वरची आपोआप कोसळते. वकिलीत नवी आलेली मुले थेट ३९६ वर वाद घालायला लागतात आणि चोरी सिद्ध झाली का, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो, म्हणून हे पहिल्याच तासाला सांगतो.

तर काकोरीत चोरी झाली ती नेमकी कोणत्या क्षणी? बहुतेक विद्यार्थी म्हणतात, पेटी फुटून पैसे हातात आले तेव्हा. तसे नाही. कलम ३७८ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने जागची हलवली की चोरी पुरी होते. पेटी गार्डच्या डब्यातून खाली ढकलली त्याच क्षणी ती झाली. अशफाकांचा हातोडा पुढची गोष्ट. पेटी अखेरपर्यंत फुटली नसती, दहाही जण रिकाम्या हातांनी रानात पळाले असते, तरी कायद्याच्या दृष्टीने फरक पडला नसता.

इथे मालकीचा प्रश्न निघतोच. तो पैसा कुणाचा? क्रांतिकारकांचे म्हणणे होते की हा पैसा इथल्याच माणसांकडून वसूल केलेला आहे आणि इथल्याच माणसांच्या सुटकेसाठी लागणार आहे. नैतिक पातळीवर या म्हणण्यात जोर आहे, तो मी मानतो. पण चोरीची व्याख्या मालकी विचारत नाही, ताबा विचारते. ताबा रेल्वेच्या वतीने गार्डकडे होता. आणि ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाला संहितेने स्वतःचा अर्थ दिला आहे: कुणाला गैरमार्गाने लाभ व्हावा किंवा कुणाची गैरमार्गाने हानी व्हावी, हा हेतू. पैसा कशासाठी हवा होता, दारूसाठी, मुलीच्या लग्नासाठी की स्वातंत्र्यासाठी, हे या व्याख्येत कुठेच येत नाही. हेतूमागचा हेतू शिक्षा ठरवताना ऐकता येतो, गुन्हा ठरवताना नाही. बचावाच्या वकिलांना हे ठाऊक होते. गोविंद वल्लभ पंत, चंद्रभानू गुप्त, मोहनलाल सक्सेना अशी मोठी माणसे त्या खटल्यात उभी होती.

भीती कुणाला वाटली पाहिजे?

चोरीची जबरी चोरी करणारी गोष्ट म्हणजे मृत्यू, दुखापत किंवा अन्यायाने रोखून धरणे, किंवा यांतल्या एखाद्याची तत्काळ भीती. गार्डला जमिनीवर पालथे पाडले, तिथेच हे पुरे झाले. पण समजा, गार्डला कुणी हातही लावला नसता. तरी डब्यांत कोंडून बसलेले प्रवासी होते. त्यांच्या खिशातला एक पैसाही कुणी घेतला नाही. तसे वचनच दिले होते आणि ते पाळले गेले. कायदा मात्र म्हणतो, ‘कोणत्याही व्यक्तीला’ भीती घातली तर. ज्याची वस्तू गेली त्यालाच भीती वाटली पाहिजे असे नाही. खिडकीतून बाहेर बघायची हिंमत न झालेला एखादा शेतकरीही पुरेसा आहे.

या कलमात तीन छोटे शब्द आहेत आणि निम्मे खटले त्यांच्यावर जिंकले-हरले जातात. इंग्रजी मसुद्यातल्या त्या शब्दांचा मराठीत अर्थ ‘त्यासाठीच’ असा होतो. हिंसा झाली पाहिजे ती चोरी करण्यासाठी, चोरी करताना किंवा चोरलेले घेऊन जाताना, आणि त्यासाठीच. बसस्टँडवर दोघांची जुन्या वैरातून मारामारी झाली, एकाचे घड्याळ खाली पडले आणि दुसऱ्याने जाता जाता ते उचलले, तर चोरी वेगळी आणि दुखापत वेगळी. दोन्ही गुन्हे आहेत, पण जबरी चोरी नाही. याउलट, घड्याळ हलक्या हाताने काढले, मालकाला जाग आली, तो ओरडला आणि पळताना चोराने त्याच्या कानशिलात लगावली, तर ती जबरी चोरी, कारण चपराक वस्तू घेऊन निसटता यावे म्हणून मारली. तक्रार लिहून घेताना ठाणे अंमलदाराने ‘मारहाण करून मोबाइल नेला’ एवढेच लिहिले तर हा प्रश्न कायमचा धूसर होतो. मार आधी का नंतर, आणि कशासाठी, हे फिर्यादीने त्याच दिवशी नीट सांगितले पाहिजे. मी पाहिलेल्या एका फिर्यादीत एवढे एक वाक्य नव्हते, आणि दूध संकलनाची रोकड घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाचा फुटलेला डोळा खटला संपेपर्यंत ‘साधी चोरी आणि दुखापत’ यातच अडकून राहिला. मला ते अजून सलते.

खंडणीच्या बाजूने जबरी चोरी कशी होते, त्याचे उदाहरण संहितेतच दिलेले आहे. रस्त्यात एक माणूस आणि त्याचे मूल भेटते. गुन्हेगार मुलाला उचलून कड्यावरून फेकून देण्याची धमकी देतो आणि पैशाची थैली मागतो. ही जबरी चोरी. दुसऱ्या उदाहरणात मूल टोळीच्या ताब्यात आहे आणि दहा हजार रुपये पाठवले नाहीत तर ते मारले जाईल, असा दम दिला जातो. ही खंडणी, मुलाचा जीव याच क्षणी जाईल अशी भीती असल्याशिवाय ती जबरी चोरी होत नाही. आज फोनवरून ‘उद्या संध्याकाळपर्यंत पैसे पाठव’ म्हणून जे धमकावणे चालते ते कितीही भयंकर असले तरी खंडणीच. जबरी चोरीला समोरासमोर असणे लागते, ‘आत्ता’ लागते, आणि वस्तू तिथल्या तिथे हाती यावी लागते.

दहांपैकी पाच

कलम ३९१ प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी संयुक्तपणे जबरी चोरी केली, किंवा करण्याचा प्रयत्न केला, तर तो दरोडा. प्रयत्नही व्याख्येतच आहे, त्यामुळे फसलेला दरोडा हाही पुरता दरोडा. शिवाय हजर राहून मदत करणारेही आकड्यात धरायचे. साखळी कुणी ओढली, गार्डजवळ कोण उभा होता, हातोडा कुणाच्या हातात होता, नुसते अंधारात पहारा देत कोण होते, या प्रश्नांनी आकडा बदलत नाही. काकोरीत दहा होते, त्यामुळे या मुद्द्यावर वाद व्हायला जागाच नव्हती.

एरवी मात्र खूप वाद होतो. दोन जण हेल्मेट घालून बँकेत शिरतात, कट्टा दाखवून कॅश नेतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बँकेवर भरदिवसा दरोडा’ म्हणून मथळा येतो. तो दरोडा नव्हे. ती जबरी चोरी. रात्री कुलूप तोडून रिकाम्या घरातले दागिने नेले तर ती घरफोडी. हा शब्दांचा काटेकोरपणा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्येक शब्दामागे कुणाच्या तरी आयुष्यातली वर्षे उभी असतात. जबरी चोरीला कलम ३९२ खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर केली तर चौदापर्यंत. ती करताना दुखापत केली तर ३९४ खाली जन्मठेपेपर्यंत. दरोड्याला ३९५ खाली, कुणाला ओरखडाही उठला नसला तरी, जन्मठेपेपर्यंत. पाच माणसे एकत्र आली की रस्त्यावरचा एकटा माणूस किंवा गावाबाहेरचे एकटे घर प्रतिकारच करू शकत नाही, हे संहिता लिहिणाऱ्यांनी मनात धरले होते.

आकड्याची गंमत वाटावी असे इथे काही नाही, पण कायदा अगदी कोरडेपणाने मोजतो. नेमक्या पाच जणांवर नावानिशी आरोप ठेवला, ‘आणखी अनोळखी इसम’ असे कुठेच म्हटले नाही, आणि त्यांतला एक जण तिथे नव्हताच म्हणून सुटला, तर उरलेल्या चौघांना दरोड्याखाली शिक्षा देता येत नाही. ते जबरी चोरीवर येतात. माफीचा साक्षीदार झालेला साथीदार मात्र आकड्यातून वजा होत नाही. तो त्या वेळी तिथे होता, एवढे पुरते.

काकोरीच्या तपासात फितुरी आणि पुरावा दोन्ही होते. घटनास्थळी एक चादर सापडली, तिच्यावर धोब्याची खूण. त्या खुणेवरून पोलीस शहाजहानपूरला पोहोचले. बिस्मिलांना २६ सप्टेंबर १९२५ रोजी पकडले. पुढे चाळीसच्या वर माणसे ताब्यात घेतली गेली, काही फुटली. अशफाक नंतरही बराच काळ निसटत राहिले आणि दिल्लीत सापडले. चंद्रशेखर आझाद त्यांना कधीच मिळाले नाहीत. इतकी मोठी योजना, आणि धागा मिळाला तो गाठोड्याच्या चादरीवरच्या खुणेतून. तपासाची वही वाचताना मला ही चादर नेहमी डोळ्यांसमोर दिसते.

गोळी

आता कलम ३९६, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा. शब्द असे आहेत: संयुक्तपणे दरोडा घालणाऱ्या पाच किंवा अधिक जणांपैकी कोणत्याही एकाने दरोडा घालताना खून केला, तर त्यांतल्या प्रत्येकाला मृत्युदंड, जन्मठेप (त्या काळी जन्मठेपेचे काळे पाणी) किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ‘कोणत्याही एकाने’ आणि ‘प्रत्येकाला’ हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहा.

साध्या खुनाच्या खटल्यात, मारणारा एक आणि आरोपी अनेक असतील तर सरकार पक्षाला समान उद्देश दाखवावा लागतो. तो कलम ३४ चा रस्ता. ३९६ मध्ये तो रस्ता लागतच नाही. खून करायचा असे कुणी ठरवले होते का? नाही. उलट, प्रवाशांना इजा करायची नाही असे ठरले होते. अशफाकांनी तर बैठकीत मुळात या योजनेलाच विरोध केला होता. सरकार एकदम सावध होईल आणि आपण अजून तेवढे तयार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमत झाले, आणि ते शिस्तीने पुढे उभे राहिले. कलम ३९६ ला त्यांचा विरोध दिसत नाही, कारण ते फक्त एवढेच बघते की गाडीपाशी ते होते की नव्हते.

मग बचावाला जागा कुठे राहते? एकाच ठिकाणी. कलमातला शब्द ‘मृत्यू’ नाही, ‘खून’ आहे. एखादा माणूस मेला एवढ्याने ३९६ लागत नाही; ते मरण कलम ३०० च्या अर्थाने खून असले पाहिजे. मन्मथनाथांनी नंतरच्या काळात स्वतःच मान्य केले की गोळी त्यांच्या हातून सुटली आणि ती चुकून सुटली. मी हा प्रश्न वर्गात टाकतो आणि तास संपेपर्यंत वाद चालतो.

एक बाजू म्हणते, अपघात. पण कलम ८० मधला अपघाताचा बचाव कायदेशीर काम कायदेशीर रीतीने करणाऱ्यालाच मिळतो. दरोड्यात पिस्तूल धरून उभ्या असलेल्याला तो मिळत नाही. हे खरे. तरीही, अपघाताचा बचाव मिळाला नाही म्हणून कृत्य आपोआप खून होत नाही. ही दुसरी पायरी विद्यार्थी हमखास विसरतात. खून ठरवायला ३०० मधला एखादा प्रकार बसवावा लागेल. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून पहिले तीन प्रकार अवघड. चौथा उरतो: आपले कृत्य इतके धोकादायक आहे की त्यातून बहुधा मरण ओढवेलच हे माहीत असणे, आणि कसलेही समर्थन नसताना तो धोका पत्करणे.

माणसांनी भरलेल्या गाडीच्या कडेने मुद्दाम सोडलेल्या गोळीला हा चौथा प्रकार बसवता येतो, असे मला वाटते. लोक घाबरून खाली उतरू शकतात, हे गोळी सोडणाऱ्याला कळायला हवे. पण नुसते हाताळताना घोडा दाबला गेला असेल, तर मात्र ‘जाणीव’ कशाची? सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती दुसऱ्याचे भरलेले मॉझर नुकतेच आलेले. माझे मत विचाराल तर, ती गोळी खरोखर चुकून सुटली असेल तर तो सदोष मनुष्यवध तरी होतो का, याचीही शंका आहे. आणि तो खून नसेल तर ३९६ नाही, ३९५ उरते, आणि ३९५ मध्ये फाशीच नाही. चार माणसांच्या गळ्यातल्या दोरापर्यंत जाणारी वाट या एका शब्दावरून गेली. आजही ३९६ चा खटला चालवणाऱ्या प्रत्येक वकिलाने उलटतपासणीत पहिल्यांदा विचारायचे ते हेच: गोळी कशी सुटली, किती अंतरावरून, कोणत्या दिशेने, आधी किती सुटल्या होत्या.

कलम ३९७ हे अगदी वेगळ्या तऱ्हेने चालते, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय यातले काहीच नीट कळत नाही. जबरी चोरी किंवा दरोडा घालताना ‘अपराध्याने’ प्राणघातक हत्यार वापरले, जबर दुखापत केली किंवा मारण्याचा प्रयत्न केला, तर शिक्षा किमान सात वर्षे. हे कलम नवा गुन्हा निर्माण करत नाही, शिक्षेला तळ घालते. दिल्लीतल्या एका पेट्रोल पंपावरच्या लुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली सांगितले की इथला ‘अपराधी’ म्हणजे ज्याने स्वतः हत्यार वापरले तोच. साथीदाराच्या हातातल्या सुऱ्यासाठी दुसऱ्याला ३९७ लावता येत नाही. त्याच निकालात असेही म्हटले की वार केलाच पाहिजे असे नाही. समोरच्याला दिसेल असा उघडा सुरा हातात धरून त्याला धाक घातला तरी तो वापरच. २०२१ मध्ये न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली.

म्हणजे काकोरीत कुणीच मेले नसते, तर गाडीच्या कडेने मॉझर रोखून उभे असलेल्यांना सात वर्षांचा तळ लागला असता आणि हातोडा घेतलेल्या अशफाकांबाबत वाद घालता आला असता, कारण त्या वेळी त्यांचे पिस्तूल दुसऱ्याच्या हाती होते. एक माणूस मेला आणि ही सगळी मोजदाद संपली. हत्याराचा हिशेब ज्याचा त्याच्याकडे. खुनाचा हिशेब सगळ्यांकडे.

गाडी चुकली तो दिवस

थोडक्यात आणखी एक. ही मंडळी आदल्या दिवशी, ८ ऑगस्टलाही निघाली होती, पण गाडी चुकली आणि ती परत फिरली. त्या दिवशी काहीच घडले नाही. तरीही त्या परतलेल्या माणसांवर गुन्हा होऊ शकला असता. नुसत्या तयारीला शिक्षा देणारी कलमे संहितेत फार थोडी आहेत, आणि दरोड्याची तयारी हे त्यांपैकी एक: कलम ३९९, दहा वर्षांपर्यंत. दरोड्यासाठी पाच जणांनी जमणे हा ४०२ खाली वेगळा गुन्हा, सात वर्षांपर्यंत. रात्री टेकडीवर पाच पोरे, एक कोयता, मिरचीपूड आणि दोरी सापडली की आपल्याकडचे पोलीस हीच कलमे लावत आले. यांत खोटी प्रकरणे उभी करणे सोपे असते, कारण काही घडलेलेच नसते आणि घडणार होते एवढेच सांगायचे असते. न्यायालयाने इथे पंचनाम्याच्या प्रत्येक ओळीकडे संशयाने पाहिले पाहिजे, असे मी ठामपणे म्हणतो.

कुणाला किती

खटला लखनौच्या रिंग थिएटरमध्ये चालला. आज तिथे शहराचे मुख्य टपाल कार्यालय आहे. कलमे १२१-अ (सरकारविरुद्ध युद्धाचा कट), १२०-ब (गुन्हेगारी कट) आणि ३९६. विशेष सत्र न्यायाधीश हॅमिल्टन यांनी ६ एप्रिल १९२७ रोजी मुख्य खटल्याचा निकाल दिला (उशिरा सापडलेल्या अशफाकांचा पुरवणी खटला वेगळा चालला), ऑगस्टमध्ये अवधच्या चीफ कोर्टाने फाशी कायम ठेवल्या. लाहिरींना १७ डिसेंबर १९२७ रोजी गोंड्यात फाशी झाली. १९ डिसेंबरला बिस्मिल गोरखपूरला, अशफाक फैजाबादला, रोशनसिंह अलाहाबादला.

रोशनसिंह काकोरीत नव्हतेच. त्यांच्या फाशीमागे १९२४ च्या डिसेंबरात बमरौलीला पडलेला वेगळा दरोडा होता, आणि तिथेही एक माणूस मेला होता. म्हणजे पुन्हा तेच कलम. याउलट बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत जन्मलेले रामकृष्ण खत्री. तेही गाडीपाशी नव्हते. पुण्यात पकडले गेले, लखनौला नेले गेले, आणि दहा वर्षे सक्तमजुरी मिळाली. दरोड्याच्या व्याख्येत जो बसत नाही त्याच्यासाठी कट हे वेगळे जाळे होते, आणि ते खूप लांबवर पसरता येत होते. विदर्भातल्या वाचकांनी खत्रींचे नाव काकोरीच्या यादीत शोधले की हा फरक लगेच लक्षात येतो.

आणि ज्यांच्या हातून गोळी सुटली, त्या मन्मथनाथांना चौदा वर्षे मिळाली, वय कमी म्हणून. ते २००० सालापर्यंत जगले. हातोडा चालवणारा फासावर, आणि ज्याच्या हातून गोळी सुटली तो तुरुंगात. मन्मथनाथ वाचले याचा मला आनंदच आहे. पण या वाटणीवरून ३९६ चा खरा स्वभाव दिसतो: ते सगळ्यांना एका रांगेत उभे करते, आणि मग कुणाला फाशी आणि कुणाला दहा वर्षे, हे पूर्णपणे न्यायाधीशाच्या हाती सोडते. न्यायालयांसमोर कटाचा पुढारी कोण हा प्रश्न गोळीपेक्षा मोठा होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जबरी चोरी कलम ३०९ मध्ये गेली, दरोडा ३१० मध्ये, जुने ३९७ हे ३११ झाले, प्राणघातक हत्यारानिशी केलेल्या प्रयत्नाचे ३९८ हे ३१२. हिसकावणे हा कलम ३०४ चा नवा गुन्हा आला, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. मोटारसायकलवरून मंगळसूत्र ओढून नेणाऱ्यांसाठी. तो लावताना पोलिसांनी एक गोष्ट विसरू नये: ओढताना बाईच्या मानेला जखम झाली, ती खाली पडून फरफटली, तर ते ३०९ आहे, ३०४ नव्हे. हलके कलम हाताशी आले म्हणून जड गुन्हा त्यात कोंबू नये.

दरोड्यातल्या खुनाबाबत ३१०(३) मध्ये शब्द जवळपास तेच राहिले. शेवट मात्र बदलला. जुन्या कायद्यात ‘दहा वर्षांपर्यंत’ होते, आता ‘दहा वर्षांपेक्षा कमी नाही’ असे आहे. वर्गात मी जे उदाहरण देतो त्यात पाच जण शेतवस्तीवर जातात. चौघे आत शिरतात. एकोणीस वर्षांचा पाचवा रस्त्यावर मोटारसायकल चालू ठेवून उभा राहतो. त्याला सांगितलेले असते की घरात कुणी नाही. आत म्हातारा असतो. एक जण त्याच्या डोक्यात पहार घालतो. जुन्या कलमाखाली न्यायाधीश त्या पाचव्याला तीन वर्षे देऊ शकत होता, कारणे लिहून. आता कारणे कितीही लिहिली तरी त्याला दहाच्या खाली येता येत नाही.